खटका का पडतो

पाऊस लागला की मला येणाऱ्या फोनांत एक वाक्य हमखास असतं: "मिस्त्री, एमसीबी राहीना झालीय. वर केली की पडतीय." एमसीबी म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका. कराडजवळच्या मलकापुरातल्या नव्या फ्लॅटमधून हा फोन येतो, तसा सोमवार पेठेतल्या जुन्या वाड्यातूनही येतो. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "खराबच झाली असणार. तेवढी मोठी आणून बसवा की."

मी १९७२ च्या दुष्काळात हे काम शिकायला लागलो. तेव्हा आमच्या कराडात घराच्या भिंतीवर चिनी मातीचे फ्यूज असत, आणि लोक त्यांच्याबद्दलही हेच म्हणत: "सारखा उडतोय, जाड तार घाला की." पुढं घरातली उपकरणं बदलली, तारा बदलल्या, वीज देणाऱ्या मंडळाचं नावसुद्धा बदललं; ही मागणी तेवढी तशीच राहिली. तिला नाही म्हणायचं कसं आणि मूळ दुखणं हुडकायचं कसं, यातच आमच्या धंद्याचा निम्मा इतिहास आहे.

कंदिलाच्या गावात

वीज यायच्या आधी कराडचा परिसर महाराष्ट्राला उजेड पुरवत होता, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. आमचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर ओगले बंधूंनी १९१६ मध्ये तिथं काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील गावोगावी गेला. लग्नात, जत्रेत, रानात पाणी पाजायला, बाळंतिणीच्या खोलीत तोच असे.

कंदिलाची दुरुस्ती कुणाला शिकवावी लागत नसे. काच काजळली तर राखेनं पुसायची, वात जळली तर कातरायची, तेल संपलं तर भरायचं. दोष समोर दिसायचा. विजेनं असा उजेड आणला की त्याचा दोष लाकडी पट्टीखाली, भिंतीत, माळ्यावर, डोळ्याआड राहतो. तो शोधायला घराबाहेरचा माणूस लागू लागला, आणि तिथून वायरमन हा धंदा उभा राहिला.

पाणी कोकणात, वीज घाटावर

टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावरची वीज काढली, मग भिवपुरीला, आणि १९२७ मध्ये भिऱ्याला. ती वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कोयनेच्या खोऱ्याचीही पाहणी त्यांनी केली होती, पण ते काम तेव्हा झालं नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, सरकारनं कोयना प्रकल्प हाती घेतला. कोयना आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते खरी, पण धरणात अडवलेलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात उतरतं. पाणी कोकणात जातं आणि त्याची वीज तारांवरून परत घाट चढून येते. १९६२ मध्ये पोफळीचं पहिलं यंत्र फिरलं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पहिले मुख्यमंत्री आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. लोक त्याला 'बोर्ड' म्हणायचे, पुढं 'एमएसईबी' म्हणू लागले. २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि वीज वाटपाचं काम महावितरणकडं गेलं, तरी कराडच्या बोलण्यात मीटर वाचायला येणारा अजून एमएसईबीचाच माणूस आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. आम्ही पोरं अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पोफळीची यंत्रं बंद पडली आणि इतक्या लांब मुंबईतले कारखाने थांबले. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते आमचे मिस्त्री नवशिक्यांना तो दाखला देत. म्हणत, "एवढं मोठं वीजघर, तेसुद्धा आधी बंद होतं आणि मग माणसं आत जाऊन बघतात. आणि तुला घरातला उडालेला फ्यूज न बघता लगेच बसवायचाय?" आधी तोडायचं, मग बघायचं, मग जोडायचं. हा क्रम मी त्यांच्याकडून घेतला.

आठशे वॅटचं घर

मी पहिल्यांदा हातात हत्यारं घेतली तेव्हाची वायरिंग अशी होती. वाड्याच्या भिंती मातीच्या, तुळया सागवानी. भिंतीत झिरी मारायचा प्रश्नच नव्हता. सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर पत्र्याच्या लिंक क्लिपांत वायर दाबून न्यायची. जोडकामावर लाकडी गोल ब्लॉक, त्यावर सीलिंग रोझ, खाली लोंबता होल्डर. काळे बेकेलाइटचे टंबलर स्विच खट्कन आवाज करत. दारामागं लोखंडी पेटीतला मेन स्विच आणि त्याच्या शेजारी चिनी मातीचे फ्यूज. आम्ही त्याला किटकॅट म्हणतो. वरचा भाग हातानं ओढून काढायचा, त्याच्या दोन स्क्रूंमध्ये बारीक तार गुंडाळायची आणि परत दाबून बसवायचा.

हे काम कुणीही करावं असा कायदा नव्हता आणि आजही नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरातलं वायरिंगसुद्धा परवानाधारक ठेकेदारानं, परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं ठरवून दिलं. कनेक्शन घ्यायचं तर ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागे. त्यासाठी मेगर हवा. हातानं फिरवायचं ते जड यंत्र ५०० व्होल्ट तयार करतं आणि वायरच्या वेष्टणातून वीज कुठं झिरपते का ते काट्यावर दाखवतं. हिशोब असा की ५० ला घरातल्या पॉइंटांच्या संख्येनं भागायचं. येईल तेवढा मेगओहम रोध तरी हवा. पूर्ण घराला मिळून एक मेगओहम मिळाला तरी पुरे. ठेकेदाराकडं एकच मेगर असे आणि तो आम्हा पोरांच्या हाती लागत नसे. खंडेनवमीला मात्र पक्कड, टेस्टर आणि मेगर एका पाटावर यायचे आणि आम्ही पोरं त्याला जवळून बघून घ्यायचो.

त्या काळच्या घराचा अंदाज वायरिंगच्या भारतीय मानकातून छान येतो. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट आणि ८०० वॅट, एवढीच मुभा. २३० व्होल्टला ८०० वॅट म्हणजे साडेतीन अँपियरच्या आत. त्यासाठी पाच अँपियरचा फ्यूज भरपूर झाला. चार-पाच साठचे बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. घर एवढंच मागत होतं आणि वायर त्या मागण्याच्याच मापाची होती. ती माणसं हिशोबी होती म्हणून असं नव्हतं. दुसरं काही लावायलाच नव्हतं.

जाड तारेचा मोह

फ्यूजची कल्पना फार जुनी. अमेरिकेत एडिसननं १८९० मध्ये तिचं पेटंट घेतलं. वाटेत मुद्दाम एक कमजोर तुकडा ठेवायचा. जास्त करंट आला की घराची वायर तापायच्या आधी तो वितळतो. कल्हई केलेल्या तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार पाच अँपियरची, ०.५ ची पंधरा अँपियरची. यात एक मेख आहे. पाच अँपियरचा म्हणून बसवलेला फ्यूज पाचावर उडत नाही. तो जवळजवळ दुप्पट करंट सहन करून मग जातो. म्हणजे मापाचा फ्यूजसुद्धा तसा ढिलाच पहारेकरी. तरी लोकांना तो कडक वाटायचा.

कारण मधल्या काळात घर बदललं होतं. इस्त्री आली, कॉइलची शेगडी आली, पाणी तापवायचा रॉड आला. पुढं मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा मोरीजवळ गेला. पॉवर पॉइंट ओढायचा तर खर्च, म्हणून बल्बच्या होल्डरमध्ये जोडणी घालून तिथून शेगडी चालवणारी घरं मी बघितली आहेत. हजार-दीड हजार वॅटची शेगडी आणि तिच्यामागं दिव्यासाठी ओढलेली वायर. फ्यूज उडणार नाही तर काय होईल?

मग उपाय सुरू व्हायचे. फ्यूजच्या तारेऐवजी फ्लेक्सिबल वायरचे दोन-चार पदर एकत्र पिळून घालायचे. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी घालायची. केसातला आकडा घालायचा. गुरुवार पेठेतल्या एका दुकानात तर किटकॅटमध्ये सरळ खिळा बसवलेला सापडला. त्या दुकानदार तात्यांना मी विचारलं, तर म्हणाले, "बाबा, वर्षभर त्रास नाही." त्रास नव्हता, कारण फ्यूजच नव्हता. फ्यूजच्या मागच्या पट्टीवरची वायर मात्र शिजून कडक झाली होती. बोट लावलं की वेष्टणाचे तुकडे पडत. कुत्रं भुंकतं म्हणून त्याच्याच तोंडाला दोरी बांधायची आणि शांत झोपायचं, अशातली ती गत.

आणखी एक जुनी रीत होती, दोन्ही तारांवर फ्यूज घालायची. फेजवर एक, न्यूट्रलवर एक. नियमांनी पुढं न्यूट्रलवरच्या फ्यूजला बंदी केली, पण जुन्या घरांत तो राहिला. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा बंद, पंखा बंद. घरची माणसं समजत वीज गेली. होल्डरला टेस्टर लावला तर लखलखीत पेटायचा. अशा घरात बल्ब बदलायला स्टुलावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मिस्त्री तार वाया घालवत नसत. त्यांच्या पिशवीत शंभर वॅटचा बल्ब आणि दोन वायरी असलेला होल्डर असे. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हा बल्ब मध्ये जोडायचा. घरातले सगळे स्विच बंद करायचे. तरीही बल्ब पूर्ण तेजानं पेटला तर कुठंतरी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकलेत, म्हणजे शॉर्ट आहे. मग एकेक सर्किट सोडवत जायचं. जे सुटल्यावर बल्ब विझेल, त्यात दोष. बल्बमुळं अर्ध्या अँपियरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, म्हणून कितीही वेळ शोधा, वायर तापत नाही. मल्टिमीटर आता माझ्या नातवाच्या वयाची पोरंही घेऊन फिरतात, पण जुन्या वाड्यात मी अजून हाच बल्ब काढतो.

तांबं गेलं, ॲल्युमिनियम आलं

१९६० आणि ७० च्या दशकांत देशाकडं परकीय चलनाची चणचण होती आणि तांबं बाहेरून आणावं लागे. म्हणून घरगुती वायरिंग ॲल्युमिनियमकडं वळलं. तोपर्यंत आम्ही वायर 'एक-अठरा', 'तीन-वीस', 'सात-वीस' अशी मागायचो. पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. ॲल्युमिनियमबरोबर 'दीड स्क्वेअर', 'अडीच स्क्वेअर' ही भाषा आली.

ॲल्युमिनियम वाईट नाही. वीज खांबांवरून आजही त्यातूनच येते. घरात त्याची अडचण जोडापाशी होते. ते मऊ, स्क्रूखाली हळूहळू दबतं. वर त्याच्यावर हवेनं एक पातळ थर येतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. जोड सैल होतो, तापतो, गार होतो, आणखी सैल होतो. शनिवार पेठेपासून विद्यानगरपर्यंत त्या काळात बांधलेल्या घरांत मला आजही हा दोष सापडतो: स्विचबोर्डाची एक कड पिवळी पडलेली, जवळ गेलं की जळक्या बेकेलाइटचा वास, आणि खटका मधूनच पडणारा, सकाळी नाही, पण संध्याकाळी सगळे दिवे लागल्यावर. घरचे म्हणतात, "कधी पडते काही नेम नाही." नेम असतो. स्क्रू आवळून, काळं झालेलं टोक कापून नवं केलं की पुष्कळदा तिथंच काम संपतं.

एका डबीत दोन पहारेकरी

एमसीबी जर्मनीतली. मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यात त्याच्या आणि हाइनरिश शाख्टनर या अभियंत्याच्या नावानं १९२४ मध्ये तिचं पेटंट झालं. आपल्याकडं तिचं भारतीय मानक १९७८ चं. कराडात ती हळूहळू आली: आधी कारखान्यांत आणि दवाखान्यांत, मग विद्यानगरच्या प्राध्यापकांच्या आणि अभियंत्यांच्या बंगल्यांत. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून इथं असल्यामुळं अशी गिऱ्हाइकं आम्हाला मिळाली की जी कागदावर सर्किट काढून द्यायची. बाकीच्यांना एमसीबी आवडली ती एकाच कारणानं. तार घालायला नको, बोटानं वर केली की झालं. नेमकं हेच तिचं सोपेपण पुढं घातक ठरलं. तार घालायची म्हटली की माणूस क्षणभर तरी थांबायचा.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा आहेत आणि त्या वेगवेगळ्या गोष्टींवर नजर ठेवतात. एक दोन धातूंची पट्टी: करंट मर्यादेच्या वर थोडाच असला तर ती तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. दुसरं तारेचं वेटोळं: करंट एकदम कैक पटींनी वाढला तर ते चुंबक बनून एका क्षणात खटका ओढतं. मानक सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला एमसीबीनं तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलंच पाहिजे. किटकॅटच्या जवळजवळ दुप्पट ढिलाईपुढं हा पहारा चोख. झटक्याची हद्द घरगुती 'सी' प्रकारात पाच ते दहा पट, म्हणजे १६ ची एमसीबी ८० ते १६० अँपियरच्या दरम्यान तात्काळ तुटते. 'बी' प्रकारात ती हद्द तीन ते पाच पट.

हे कळलं की पडणारा खटका स्वतःच बोलायला लागतो. म्हणून मी फोनवर आधी विचारतो, "काकी, वर केल्या केल्या पडतीय का थोड्या वेळानं?" वर करताक्षणी फटकन पडत असेल तर शॉर्ट. पाच-दहा मिनिटांनी, तेही गिझर आणि इस्त्री एकदम चालू असताना पडत असेल तर भार जास्त. अशा वेळी लगेच वर केली तर ती राहत नाही. आतली पट्टी गार व्हायला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. लोक तेवढ्यात तिला खराब ठरवतात. भार नाही, शॉर्ट नाही, तरी पडते आणि हात लावला तर डबी गरम लागते, तर तिच्या स्क्रूत सैल जोड आहे. हे सगळं तपासून झालं आणि तरीही पडली, तरच एमसीबी बदलायची, आणि तीही त्याच आकड्याची.

लोडशेडिंग, पूर आणि तीस मिलिअँपियर

फ्यूज आणि एमसीबी दोघंही वायर वाचवतात. माणसाला वाचवायचं काम त्यांचं नाही. हाताला लागलेला धक्का काही मिलिअँपियरचा असतो. १६ अँपियरच्या एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. जुन्या काळी माणसाची भिस्त अर्थिंगवर होती. अंगणात खड्डा घेऊन पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं. आता त्या अंगणांवर पार्किंगच्या फरशा आल्या आणि पाणी ओतायची सवय गेली.

आता माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर यांनी १९५० च्या दशकात या कामाला आकार दिला. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्हींत ३० मिलिअँपियरचा फरक पडला तर उरलेला करंट भलत्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत गेलाय असं समजून ती ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी पाच किलोवॅटपासून पुढच्या जोडण्यांना असं साधन बंधनकारक केलं. मलकापूर आणि सैदापूरकडच्या नव्या इमारतींत ते सर्रास दिसू लागलं, आणि लोक तिलाही एमसीबीच म्हणू लागले. गोंधळ इथं वाढला. दोन्ही पडतात, पण दोघींच्या पडण्याची कारणं वेगळी. जिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं ती आरसीसीबी. ते बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं; दाबल्यावर पडली नाही तर ती भिंतीवरची शोभा आहे.

२००५ नंतर महाराष्ट्रानं लोडशेडिंगची वर्षं काढली. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आमच्या कामात एक नवा दोष आला. बसवणारा घाईत इन्व्हर्टरचा फेज वेगळा ओढायचा, न्यूट्रल मात्र हाताला लागेल त्या सर्किटचा घ्यायचा. मग एका वाटेनं गेलेला करंट दुसऱ्या वाटेनं परत यायचा, आणि आरसीसीबीला फरक दिसायचा. गिऱ्हाईक आरसीसीबीला शिव्या घालायचं; ती बिचारी हिशोब बरोबर करत होती. त्यात वीज आली की फ्रीज, मोटर आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग एकदमच सुरू. तेव्हापासून मी लोकांना सांगतो की वीज आल्यावर मोटरचा आणि फ्रीजचा स्विच थोडा थांबून लावा.

पावसाचं आणि पुराचं दुखणं वेगळं. कृष्णा-कोयनेनं २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये खोरं बुडवलं. पाणी ओसरल्यावर नदीच्या घाटाकडच्या घरांत गेलं की स्विचबोर्डांतून गाळ निघायचा. लोकांना घाई, "मिस्त्री, अंधारात साफसफाई कशी करू?" त्या वेळी एकच करता येतं: खालच्या प्लगांची सर्किटं पूर्ण सोडवायची, वरच्या दिव्यांची मेगरनं तपासून तेवढीच चालू करायची. बोर्ड उघडे ठेवून वाळू द्यायचे. भिंत ओली आहे तोवर आरसीसीबी पडणारच, आणि तिनं पडलंच पाहिजे. पूर नसतानाही आषाढात गच्चीवरच्या दिव्याच्या होल्डरात पाणी, बाथरूमच्या भिंतीत ओल आणि जुन्या गिझरची चिरलेली कॉइल, ही माझी नेहमीची तीन ठिकाणं.

शोधायची रीत

इतकी साधनं बदलली, पण शोधायची रीत मिस्त्रींच्या बल्बच्या वेळचीच आहे: सगळं सोडायचं आणि एकेक जोडायचं. वाचणाऱ्यांनी घरी एवढं जरूर करावं. कोणता खटका पडतो ते आधी नीट बघा. त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरमध्ये न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडते. सगळं काढून खटका वर करा. राहिला, तर दोष वस्तूत आहे; एकेक पिन लावत जा, जिच्यावर पडेल ती बाजूला ठेवा. सगळं काढूनही पडला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिथून पुढं तुमचं काम संपलं, परवानाधारक वायरमन बोलवा. आणि काहीही न तपासता तिसऱ्यांदा खटका वर करू नका. प्रत्येक वेळी तो शॉर्ट नव्यानं पेटत असतो.

आता घरं पुन्हा बदलतायत. पेठांतले वाडे पाडून तिथं इमारती होतायत. इंडक्शनची शेगडी दोन हजार वॅटची, गिझर दोन-तीन हजारांचा, खाली पार्किंगमध्ये रात्रभर विजेवरची स्कूटर. ज्या गावात एका सर्किटला ८०० वॅट पुरत होते, त्याच गावात एकट्या स्वयंपाकघराला तेवढे पुरत नाहीत. तरी फरशी निवडायला अख्खं कुटुंब कोल्हापूरपर्यंत जातं आणि भिंतीत जाणारी तार कितीची आहे हे विचारायला कुणी थांबत नाही. बिलावर छापलेला मंजूर भार तर कुणी वाचतच नाही.

एमसीबीचा आकडा हा तिच्या मागच्या तारेचा आकडा असतो. दीड स्क्वेअर तांब्याला दहाची, अडीचला सोळाची, हा माझा ठोकताळा. दीडच्या तारेवर बत्तीसची बसवली तर खटका पडायचा थांबतो हे खरं आहे. किटकॅटमधल्या खिळ्यानंही तो थांबायचा. म्हणून मोठी एमसीबी मागणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारतो: आत्ता कितीची आहे, मागं तार कितीची आहे, आणि पडली तेव्हा काय काय चालू होतं. या तिन्हींची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो. ती न विचारता मोठी एमसीबी बसवून देणारा माणूस भेटला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.